कोचसाहेब

कोचसाहेबांनी आजवर एकाही संघाला एक दिवसही शिकवलेलं नाही. नोकरी अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीत, आस्थापना शाखेत. घर बडनेऱ्यात, जुन्या वस्तीत. सकाळी बडनेरा-अकोला आणि संध्याकाळी अकोला-बडनेरा असं अप-डाऊन करता करता त्यांनी भारतीय संघाचे प्रशिक्षक एकामागून एक वापरून संपवले. जॉन राइट झाले, ग्रेग चॅपेल झाले, कर्स्टन, फ्लेचर, कुंबळे, शास्त्री, द्रविड झाले. सध्या गंभीर चालू आहेत. यांपैकी एकाशीही त्यांचं पटलं नाही. कर्स्टनशी २ एप्रिल २०११ च्या रात्री थोडा वेळ पटलं होतं. पण धोनीला युवराजच्या आधी पाठवायची कल्पना मुळात आपली, हे गाडीत सिद्ध करायला त्यांना मंगळवारपर्यंत थांबावं लागलं, कारण मध्ये रविवार आणि सोमवारी पाडवा आला. विश्वचषक जिंकूनही दोन दिवस तोंड बंद ठेवावं लागलं, याबद्दल त्यांनी कर्स्टनला माफ केलं नाही.

आस्थापना शाखेतल्या माणसाचं आयुष्य बदली, रजा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र या तीन फायलींत जातं. संघनिवडीत तरी दुसरं काय असतं? त्यामुळे क्रिकेट मंडळाचं पत्रक कोचसाहेब अर्जासारखंच वाचतात. कोणी जखमी झाल्याची बातमी आली की चष्मा कपाळावर जातो. "कंबर म्हनते. डॉक्टर कोन? सही कोनाची? तारीख सामन्याच्या आधीची का मागची?" रजा मागणारा प्रत्येक माणूस खोटारडा असतो आणि रजा न मागणारा मूर्ख, या दोन पक्क्या सिद्धांतांच्या मधल्या फटीतून त्यांनी आपली सगळी कारकीर्द बाहेर काढली आहे.

त्यांना स्वतःला एक जखम आहे. डावा गुडघा. या गुडघ्यामुळे विदर्भाचं, आणि पर्यायानं देशाचं, किती नुकसान झालं ते टाकळी ते कुरुम या टप्प्यात ऐकायला मिळतं. कधी तो विद्यापीठाच्या निवड चाचणीत झेल घेताना गेलेला असतो, कधी कबड्डीत तिघांनी मिळून धरल्यामुळे. त्यांच्या सौभाग्यवतींनी एकदा स्टेशनवर सहज सांगितलं की यवतमाळ रोडवर लुना घसरली होती. कोचसाहेब त्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात लुनाही कथेत आली, पण आता ती चाचणीला जाताना घसरू लागली.

डब्यातली बाकीची मंडळीही सांगून ठेवतो, कारण कोचसाहेब एकटे असले तर गप्प असतात. एक व्यायाम मंडळाचा पोरगा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला, मूर्तिजापूरकडच्या एका शाळेत पी.टी. शिक्षक. १९१४ साली वैद्य बंधूंनी काढलेल्या या संस्थेचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि देशी व्यायामप्रकार दाखवून आलं होतं, हे तो दर पंधरा दिवसांनी सांगतो, आणि सांगू दिलं पाहिजे. आपल्या जिल्ह्यात सांगण्यासारखं जे आहे ते कोणीतरी सांगत राहिलंच पाहिजे. एक तलाठीभाऊ आहेत. एक बँकेच्या मॅडम आहेत, खिडकीशी बसतात, बोलत नाहीत, पण आकडा चुकला की बोलतात. आणि मूर्तिजापूरला चढणारे ढोरांचे डॉक्टर, जे बसायला जागा मिळेपर्यंत कोणत्याही वादात पडत नाहीत.

खरी जुंपली ती २०२५ साली.

त्या वर्षाच्या जानेवारीत सिडनीच्या कसोटीत बुमराह कप्तान असताना मध्येच मैदान सोडून दवाखान्यात गेला. पाठ धरली होती. पाच कसोटींत १५१ षटकं आणि वर दोन चेंडू टाकून ३२ बळी घेतलेल्या माणसाची पाठ धरली, यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्या डावात तो गोलंदाजीला आलाच नाही, ऑस्ट्रेलियानं मालिका ३-१ अशी जिंकली. कोचसाहेबांचं निदान सोमवारी तयार होतं. "कपिलदेवले कधी पाठ दुखली? एकशे एकतीस टेस्ट खेळला. एक सुटली ते बी बसवला म्हनून, दुखलं म्हनून नाई." हे मात्र खरं आहे. कोचसाहेबांची अडचण हीच की त्यांची माहिती बरोबर असते आणि निष्कर्ष गाडी सुटल्यावर चढलेला असतो.

"कपिल कपिल होता," व्यायाम मंडळाचा पोरगा म्हणाला. "प्रत्येकाची टाकण्याची पद्धत वेगळी. बुमराह धावत येत नाही फारसा, सगळा वेग शेवटच्या दोन पावलांत काढतो. पुढचा पाय पडतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि त्याच क्षणी मणका मागे वाकलेला, बाजूला झुकलेला आणि पिळलेला असतो. हाडाला बारीक चीर जाते. ती एका चेंडूनं जात नाही, साठत साठत जाते. २०२२ ला गेली, विश्वचषक हुकला. मार्च २०२३ ला न्यूझीलंडमध्ये ऑपरेशन झालं. पुन्हा त्याच जागी गेली तर संपलं."

"मले मणका नको शिकवू बापू," कोचसाहेब म्हणाले. "आमच्या कचेरीत अर्ध्या लोकायच्या मणक्यात गॅप हाय. सर्टिफिकेटं माह्याच टेबलावर हायत."

मग जून आला आणि इंग्लंडचा दौरा. जाण्याआधीच सांगून टाकलं गेलं की बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार. कोचसाहेबांच्या हातातला डबा थरथरला. "अर्ज यायच्या आधीच रजा मंजूर! असं तर मंत्रालयातबी होत नाई." लीड्सला तो खेळला, पहिल्या डावात पाच बळी घेतले, दुसऱ्यात एकही नाही, इंग्लंडनं ३७१ धावा काढून टाकल्या. मध्ये आठवडाभर मोकळा गेला आणि एजबॅस्टनला बुमराह बाहेर. त्या संध्याकाळी अकोला स्टेशनच्या फलाटावर कोचसाहेबांनी जे भाषण केलं त्यात गंभीरचं क्रिकेट, दिल्लीचं राजकारण आणि कचेरीतल्या एका शिपायाची अर्धपगारी रजा हे तिन्ही विषय एकाच वाक्यात होते. "सोडली मॅच! लिहून घ्या, सोडली!" तलाठीभाऊंनी खरंच लिहून घेतलं.

भारत ३३६ धावांनी जिंकला. आकाशदीपनं दहा बळी घेतले.

सोमवारी तलाठीभाऊ कागद घेऊन आले. कोचसाहेबांनी तो वाचला, घडी केली आणि आपल्याच खिशात घातला. "आकाशदीपले राग आला पायजे म्हनून बोल्लो होतो म्या. आला ना राग? मंग!"

तिसरी कसोटी लॉर्ड्सला, बुमराह खेळला, भारत २२ धावांनी हरला. चौथी मँचेस्टरला, बुमराह खेळला, कशीबशी अनिर्णित राहिली. तिथेच ऋषभ पंतनं वोक्सचा चेंडू उलटा फटकवायला जाऊन पायाचं हाड मोडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी लंगडत येऊन अर्धशतक पुरं केलं. तेव्हा कोचसाहेब गाडीत उभे राहिले. डावा गुडघा धरून उभे राहिले. "ह्याले म्हनते खेळाडू!" पाठ धरलेल्यानं खेळावं, असं म्हणणाऱ्या माणसाला मोडलेल्या पायानं खेळणारा दिसला तर तो उभा राहणारच. सामन्यानंतर गंभीर म्हणाले, असा गंभीर मार लागला तर बदली खेळाडू द्यायला हवा. स्टोक्स म्हणाला, हास्यास्पद. त्या दिवशी कोचसाहेब प्रथमच गंभीरच्या बाजूनं होते, कारण बदली हा त्यांच्या शाखेचा विषय. पुढे आपल्या मंडळानं देशांतर्गत सामन्यांत तशी सोय केलीसुद्धा. कोचसाहेब तो आपला प्रस्ताव समजतात.

पाचवी कसोटी ओव्हलला, बुमराह पुन्हा बाहेर. सोमवार, ४ ऑगस्ट, दुपारचे साडेतीन. इंग्लंडला ३५ धावा हव्यात, चार बळी बाकी. त्या तासाभरात अकोल्यातल्या किती कचेऱ्यांत किती फायली हलल्या याची चौकशी कोणी करू नये. वोक्स निखळलेला खांदा स्वेटरच्या आत बांधून एका हातानं खेळायला आला, सिराजनं अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला, सहा धावांनी सामना आपला, मालिका २-२. बुमराह ज्या दोन सामन्यांत नव्हता तेच दोन आपण जिंकले! डब्यात हा हिशेब झाला तेव्हा कोचसाहेबांनी डोळे मिटले. यातून बुमराहला बसवावं असा निष्कर्ष निघतो की बुमराह नसतानाच देव येतो असा, हे त्यांना ठरवायचं होतं.

तेवढ्यात मॅडम खिडकीकडून वळल्या. "बुमराहनं मालिकेत ११९ षटकं चार चेंडू टाकले. सिराजनं १८५ षटकं तीन चेंडू. पाचही सामने. शेवटच्या दिवशीही तोच टाकत होता. तुम्ही सगळे दोन महिने बुमराहच्या पाठीमागे लागलात, सिराजच्या पाठीचं कोणी नावसुद्धा काढलं नाही."

बोरगाव मंजू गेलं तरी कोणी काही बोललं नाही. मग कोचसाहेब म्हणाले, "त्याची पाठ मजबूत हाय." आणि विषय रणजीवर आणला.

रणजी हा त्यांचा देव्हारा. त्यात चंद्रकांत पंडित मध्यभागी. विदर्भानं २०१७-१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून पहिला चषक आणला, पुढच्या वर्षी पुन्हा आणला, आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक पंडित. त्यांची शिस्त कडक, हे कोचसाहेबांना आवडतं. कडक माणूस दुसऱ्याच्या कचेरीत असला तर सगळ्यांनाच आवडतो. पहिल्या चषकाच्या मोसमात उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध पाच धावांनी जिंकताना गुरबानीनं सात बळी काढले आणि अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली. "काय त्यावेळी म्हनला का कोनी, गुरबानीची पाठ सांभाळा? नाई म्हनला!" २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिसरा चषक आला तेव्हा हर्ष दुबेनं मोसमात विक्रमी ६९ बळी घेतलेले. फिरकी गोलंदाज म्हणून त्याला पाठ नसते, असा कोचसाहेबांचा समज आहे. अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे हे दोघं तर त्यांच्या मते याच गाडीतून मोठे झाले.

एवढं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस निव्वळ तोंडाळ आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण त्यांच्या बोलण्याला एक बूड आहे, आणि ते क्रिकेटमध्ये नाही, गोठ्यात आहे.

कोचसाहेबांचं मूळ गाव तळेगाव दशासरच्या बाजूचं. तिथला शंकरपट जुना आणि नावाजलेला. वडिलांकडे पटाची जोडी होती. शंकरपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की हलकी गाडी, दोन बैल, वर एक धुरकरी, आणि सगळा खेळ काही सेकंदांत संपतो. वर्षभर खुराक, मालिश, सराव, आणि निकाल डोळ्याची पापणी लवायच्या आत. एका वर्षी जोडी ऐन भरात होती. नाव लागलं होतं. सकाळी वडिलांनी डाव्या बैलाच्या खुराला हात लावला, बैलानं पाय उचलून घेतला. वडिलांनी जोडी सोडली, गाडी उलटी केली आणि घरी आणली. गावानं हसून घेतलं. कोणी म्हणालं, घाबरला. कोणी म्हणालं, पैसे खाल्ले. "बाप एक शब्द बोल्ला नाई," कोचसाहेब सांगतात, आणि हे सांगताना ते शब्द सावकाश वापरतात. "घरी आनून त्याले गरम पान्यानं शेकलं. बैल तर तयारच होता ना. पट दिसला का त्याच्या अंगात येते. त्याले इचारलं तर तो हो म्हनते. मान डोलवते. बैलाच्या मान डोलवन्यावर जो गेला तो गेला."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकतात, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्यांना देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं त्याची वर्षातून एक दिवस तरी चौकशी. कोचसाहेब अजून गावी जाऊन हे करतात, जरी गोठ्यात आता एकच बैल आहे आणि तो म्हातारा. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या क्रिकेट ज्ञानात एवढी एक गोष्ट अस्सल आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली, यावर कोचसाहेबांचं भाष्य असं : "सात वर्सं आराम! बुमराहले तीनच टेस्टा."

मग प्रश्न पडतो, बैलाच्या बाबतीत इतका शहाणा माणूस बुमराहच्या बाबतीत असा का? मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "बैल माह्या बापाचा होता."

त्यांचा एक भाचा अमेरिकेत आहे, डलासच्या बाजूला. रविवारी रात्री त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि सोमवारी आम्हाला अमेरिकन फुटबॉल ऐकायला मिळतो. भाच्यानं मामाला समजावलं की त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो, सगळी चाल त्याच्या हातातून निघते, आणि समोरचे अकरा दांडगे त्यालाच पाडायला टपलेले असतात. तो पडला की मोसम पडला. "म्हनजे धुरकरी," कोचसाहेब म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांना आपोआप समजलं.

भाच्यानं त्यांना रॉबर्ट ग्रिफिनची गोष्ट सांगितली. वॉशिंग्टनच्या संघाचा नवा पोरगा, २०१२ चा मोसम त्यानं गाजवला. डिसेंबरमध्ये उजवा गुडघा दुखावला. तरी ६ जानेवारी २०१३ ला सिअ‍ॅटलविरुद्धच्या बाद फेरीत तो उतरला. संघ १४-० असा पुढे होता, पोरगा लंगडताना सगळ्या मैदानाला दिसत होता, प्रशिक्षक माइक शॅनहननी त्याला काढलं नाही, कारण पोरगा म्हणत होता, मी खेळतो. चौथ्या टप्प्यात गुडघा वळला आणि गेला. दोन अस्थिबंध फाटले, सामना २४-१४ असा हरला, आणि तो पोरगा पुन्हा पहिल्यासारखा कधी धावला नाही. अमेरिकेत अजून त्यावर भांडतात : चूक प्रशिक्षकाची, डॉक्टरची, की पोराची?

"भांडाचं काय त्यात?" कोचसाहेब डब्यात म्हणाले. "मान डोलवली, अन् ह्यायनं ऐकली."

"मग एजबॅस्टनला बुमराहला बसवलं ते बरोबर?" तलाठीभाऊंनी लगेच पकडलं.

कोचसाहेबांनी बाहेर पाहिलं. तिकडे अमरावती-अकोला महामार्ग आहे असं गृहीत धरून ते म्हणाले, "हा रस्ता पाहा. दोन हजार बावीसच्या जूनमधी पंच्याहत्तर किलोमीटर डांबर एकशे पाच तास तेहतीस मिनिटात टाकलं. गिनीज बुकात हाय. कोनी म्हनलं का, माही पाठ दुखते?"

"ते पाळ्यांनी काम करत होते," व्यायाम मंडळाचा पोरगा म्हणाला. "एकाच मजुरानं नाही टाकलं."

"म्हंजे रोटेशन!" तलाठीभाऊ ओरडले, आणि कोचसाहेबांनी डबा उघडून पोळीचा घास घेतला. गाडी अजून मानालाही पोचली नव्हती.

आता मूळ गोष्ट. दिवाळीनंतर बडनेऱ्यात टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा होतात. आठ षटकांचा सामना, एका गोलंदाजाला दोन षटकं, ट्रॅक्टरला लावलेले दिवे, आणि एक माणूस माइकवर अखंड बोलत असतो. वस्तीच्या संघाचा जो कारभार पाहायचा त्याची बदली झाली, आणि पोरांनी अर्धी थट्टा म्हणून कोचसाहेबांना खुर्ची दिली. थट्टा त्यांच्या लक्षात आली नाही. त्यांनी पांढरी टोपी घेतली, वही केली आणि पहिल्याच दिवशी हजेरी सुरू केली.

संघात एक जलद गोलंदाज होता. एकोणीस वर्षांचा, सडपातळ, बाजार समितीत काकासोबत हमाली करणारा. टेनिस बॉलनं स्टंप मोडायचा. उपांत्य सामन्यात त्यानं शेवटचं षटक टाकलं, सामना जिंकून दिला आणि पोरं उचलून घ्यायला धावली तेव्हा "थांबा थांबा" म्हणत कमरेवर हात ठेवून खाली बसला. अंतिम सामना एक दिवस सोडून होता.

त्या मधल्या दिवशी कोचसाहेब गाडीत चढले तेव्हा त्यांचा तसा चेहरा मी पूर्वी पाहिला नव्हता. ते सगळ्यांचं ऐकत होते. व्यायाम मंडळाच्या पोरानं सांगितलं, दुखतंय तर टाकू देऊ नका, या वयात मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. तलाठीभाऊ म्हणाले, दोनच तर षटकं आहेत, बाम चोळा. कोणी पट्टा सुचवला, कोणी गोळी, कोणी शेवटच्या षटकापुरता उतरवायचा डाव. दोन महिने गंभीरला चोवीस तासांत निर्णय देणारा माणूस वहीत उभ्या रेघा मारत बसला होता. मूर्तिजापूरला ढोरांचे डॉक्टर चढले, त्यांना जागा मिळाली, आणि कोचसाहेबांनी सगळी लक्षणं सांगून त्यांचं मत विचारलं.

डॉक्टरांनी विचार केला. "बैल असता तर पंधरा दिवस जू ठेवू नका म्हणून लिहून दिलं असतं. माणसाचं मला सांगता येत नाही."

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी पोरगा आला. वाकून पाया पडायला गेला आणि अर्ध्यातूनच सरळ झाला. "काका, टाकतो मी. दोनच ओव्हर त हायत. बोलिंग टाकतानी नाई दुखत, बरंच वाटते उलट." असं म्हणून त्यानं मान डोलवली. कोचसाहेबांनी त्या मानेकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू आज मोकळा. घरी जा. निजून राह्य."

पोरांनी आरडाओरड केली. माइकवाल्यानं "कोचसाहेबांचा धक्कादायक निर्णय" असं तीनदा सांगितलं. मागून कोणीतरी, समोरच्या संघाकडून किती घेतले, तेही विचारलं. कोचसाहेब खुर्चीत ताठ बसून राहिले. संघ चार धावांनी जिंकला. एका जाडजूड पोरानं, ज्याच्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती, शेवटचं षटक टाकलं. एजबॅस्टन, ओव्हल आणि बडनेरा! लोकांनी कोचसाहेबांना खांद्यावर घेतलं. गुडघ्यामुळे ते लगेच उतरले. फोटोसाठी त्यांना तो पोरगा हवा होता. घरी नव्हता. आई म्हणाली, यार्डात गेला.

कोचसाहेब टोपीसकट यार्डात गेले. सोयाबीनचे कट्टे ट्रकमध्ये चढत होते. पोरगा पाठीवर कट्टा घेऊन फळीवरून वर जात होता. कोचसाहेब खालून ओरडले, "अबे, तुले निजाले सांगतलं होतं ना!"

त्यानं कट्टा टाकला, घाम पुसला. "तुमीच म्हनले ना काका, आज मोकळा हायेस म्हनून. ट्रक लागला होता, रातचा भाव जास्त भेटते."

दुसऱ्या दिवशी गाडीत चषकाचा पेढा फिरला. कोचसाहेबांनी खाल्ला नाही. टाकळी गेलं, कुरुम आलं. मग त्यांनी वही काढली. "मॅडम, हिसाब करा. दहा टनाचा ट्रक. कट्टा पन्नास किलोचा. हमाल चार."

"दोनशे कट्टे," मॅडम म्हणाल्या. "माणशी पन्नास. अडीच हजार किलो."

"एका कट्ट्याचा एक बॉल धरा."

"असं धरता येत नाही," व्यायाम मंडळाचा पोरगा म्हणाला. "चेंडू टाकताना झटका असतो, पीळ असतो. कट्टा वरून दाबतो. भार वेगळा, मोजायची पद्धत वेगळी."

"मंग तू मोजून दे!" कोचसाहेब प्रथमच खरे चिडले. "बुमराहचा मोजते, सिराजचा मॅडम मोजते, माह्या बैलाचा डॉक्टर मोजते. ह्याचा कोन मोजते? पन्नास बॉल. आठ ओव्हर दोन बॉल. अरे मॅचच आठ ओव्हरची होती! आख्खी इनिंग एकट्यानं टाकली, अन् वरून दोन."

"ती स्कोअरबुकात धरता येणार नाही," तलाठीभाऊ म्हणाले. त्यांना यार्ड आणि मैदान वेगळं ठेवायचं होतं, सात-बाराची सवय. "नो-बॉल म्हणा हवं तर. नो-बॉल षटकात मोजत नाहीत."

"पण टाकावा तर लागतो," मॅडम म्हणाल्या.

"अन् त्याच्यावर फ्री-हिट कोनाले भेटते?" कोचसाहेबांनी विचारलं. मंडुऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत सगळे त्यावर भांडले. अडत्याला, ट्रकवाल्याला, की कंत्राटदाराला, यावर दोन तट पडले, आणि ढोरांचे डॉक्टर चढले तेव्हा त्यांना जागा द्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.